दिवाणखान्यातला सांडवा

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. या सगळ्या प्रकरणात माशांचा काहीही दोष नव्हता. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर 'मासे पाळल्यामुळे झालेले नुकसान' असा जो मजकूर तीन आठवडे लागून होता, तो वस्तुस्थितीला धरून नव्हता. नुकसान पाइपांमुळे झालं, आणि पाइप मी ठरवले होते. मासे दोनच होते, बोटाएवढे, आणि घटनेच्या वेळी दोघंही आपापल्या जागेवर हजर होते.

नागपूर देशाच्या मधोमध आहे. म्हणजे समुद्रापासून जितकं लांब राहणं शक्य आहे, तितकं लांब आम्ही राहतो. माझ्या पत्नीला, कामिनीला, समुद्र फार आवडतो. तिने तो आयुष्यात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मी सोबत असल्यामुळे तिला लवकर परत यावं लागलं. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तिला सहज म्हणालो, "आता काय, आपण समुद्रच घरी आणू." लग्नाला एकोणतीस वर्षं झालेल्या माणसाने सहज काही बोलू नये. महिन्याभरात आमच्या बेसा येथील तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीच्या काचेच्या टाकीची जागा खडूने आखून झाली होती.

खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी म्हणजे नुसती काचेची पेटी नव्हे. तिच्याखाली कपाटात दुसरी टाकी असते. वरच्या टाकीतलं पाणी काठाला आलं की पाइपाने खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. या खालच्या टाकीला संप म्हणतात. आयुष्य सरकारी नोकरीत घालवलेल्या माणसाला संप म्हटलं की काम बंद असं वाटतं. इथे उलट आहे. सगळं काम संपातच होतं आणि वर मासे नुसते फिरतात. तेही सरकारी नोकरीत पाहिलेलं आहे.

तर, वरचं पाणी खाली उतरवणारी जी व्यवस्था, तिला आमच्या भाषेत सांडवा म्हणतात. आणि इथे मला नम्रपणे नमूद करावंसं वाटतं की मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. सात तलावांचे सांडवे माझ्या सहीने बांधले गेले. त्यातले सातही आज उभे आहेत. दोहोंवरून तर पाणीही गेलेलं आहे. असा माणूस मासे विकणाऱ्या दुकानदाराला "पाइप किती इंची घेऊ?" असं विचारत नसतो. मी विचारलं नाही.

परवानगी मात्र विचारावी लागली. आमच्या सोसायटीचे सचिव भैय्याजी निमजे आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. ते निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे ते छापील मराठी बोलतात, आणि अर्ज कोणाचाही असो, लाल पेनाने तपासतात. माझ्या अर्जातले दोन ऱ्हस्व त्यांनी दीर्घ करून दिले आणि म्हणाले, "गोतमारे साहेब, चारशे लिटर पाणी आपण माझ्या डोक्यावर ठेवणार. मला अभियंत्याचं प्रमाणपत्र लागेल."

"भैय्याजी, मी अभियंता आहे."

"अर्जदार आणि प्रमाणपत्र देणारा एकच व्यक्ती असू शकत नाही," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, "एकच व्यक्ती असू शकत नाही, की एकच व्यक्ती असू शकत नाहीत?" असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि त्यावर आमची पंधरा मिनिटं गेली.

प्रमाणपत्रासाठी मी सीताबर्डीला अश्विन डांगोरेकडे गेलो. अश्विन बावीस वर्षं माझ्या हाताखाली होता. नोकरी सोडून त्याने कपड्यांच्या एका दुकानाच्या वर स्वतःचं कार्यालय थाटलं आहे. जिन्यात साड्यांचे खोके होते. बाहेरच्या बाकड्यावर मी पाऊण तास बसलो. ज्या माणसाला आपण पाऊण-पाऊण तास उभं ठेवलेलं असतं, त्याने आपल्याला बसायला दिलं हेही कमी नाही, असं मी मनाला सांगत होतो.

अश्विनने नकाशा पाहिला. चष्मा कपाळावर चढवला. ही लकब माझी आहे.

"सर, वजनाचं ठीक आहे, भिंतीला लागून ठेवताय. पण मुख्य निचरा तुंबला तर?"

"दुसरा पाइप आहे नं. आपत्कालीन."

"त्याची क्षमता?"

"पुरेशी."

"सर," अश्विन अत्यंत आदराने म्हणाला, "पुरेशी हे माप नाही, असं तुम्हीच मला शिकवलं होतं."

त्याने प्रमाणपत्र दिलं, पण खाली हाताने शेरा मारला : 'आपत्कालीन सांडव्याची क्षमता तपासून घ्यावी.' मी घरी येऊन तो कागद फाइलमध्ये असा लावला की पंचिंगचं भोक नेमकं त्या शेऱ्यावर पडलं.

दरम्यान, सल्ले सुरू झाले होते. आपल्याकडे घरात टाकी येण्याआधी सल्ले येतात. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी टाकी ईशान्येला ठेवा म्हणून सांगितलं. ईशान्येला आमचं न्हाणीघर आहे. समोरच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ रोज फाटकाशी गाठून "वाढले की खाता येतील का?" एवढंच विचारत. मी रोज नाही म्हणत होतो आणि ते रोज हळहळत होते.

टाकी आली. तिच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा एक आडोसा आणि त्याच्या तळाला दोन भोकं. एक दीड इंची, दुसरं एक इंची. पाइप बसवायला रामाजी आले.

रामाजी म्हणजे बेसातले सगळ्यात जुने प्लंबर. इथे शेतं होती तेव्हापासूनचे. बोलणं कमी आणि डोक्यावर उन्हाळा-हिवाळा एक टोपी. ते टाकीसमोर उकिडवे बसले. भोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांना समजावलं. "हे पाहा रामाजी, मोठं भोक मुख्य पाइपाले. छोटं आपत्कालीनले."

"उलटं करा साहेब."

"काहून?"

"जो पाइप रोज काम करते तो गळ्यापर्यंत भरून वाहते. छोटा असला तरी लय पाणी नेते. पण जो अडीअडचणीले कामी येते, त्याच्यात हवा राहते. अर्धा भरते, अर्धा रिकामा. तो मोठाच पाह्यजे. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो आपण भरायच्या पाइपापेक्षा मोठा ठेवतो का नाही?"

आता एखाद्या माणसाने हे ऐकून घेतलं असतं. पण मी कोण होतो? मी एकतीस वर्षं अशा कचेरीत बसलो होतो जिथे मुख्य अभियंत्याला मोठी खोली आणि प्रभारी अभियंत्याला फायलींच्या कपाटामागची जागा मिळते. मुख्य म्हणजे मोठा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते अंगात मुरलं होतं. मी कागद काढला. प्रवाह, उंची, घर्षण अशी सूत्रं मांडली आणि शेवटी एक आकडा आणला. रामाजींनी तो कागद उलटासुलटा पाहिला.

"हे तुम्ही लिहून राहिले ते बरोबरच असन," ते म्हणाले. "पण पाणी काही वाचत नाही."

कामिनी तेवढ्यात चहा घेऊन आली. "रामाजी म्हणतात तसं करा नं," ती म्हणाली. मी तिला सांडव्याचा इतिहास थोडक्यात सांगितला. ती चहा ठेवून आत गेली. रामाजींनी मुकाट्याने दीड इंची पाइप मुख्य म्हणून बसवला आणि एक इंची आपत्कालीन म्हणून. तो एक इंची पाइप समोरून दिसू नये म्हणून मी त्याला तीन ठिकाणी वळवून घेतला. सौंदर्यदृष्टीही असावी लागते.

पंप सुरू केला आणि दिवाणखान्यात असा आवाज सुरू झाला, की जणू कोणी तरी अतिशय मोठा माणूस अतिशय छोट्या गडव्यातून पाणी पितो आहे. दीड इंची पाइपाला एवढं पाणी पुरत नव्हतं, म्हणून तो हवा गिळत होता. यावर उपाय म्हणजे पाइपाचा व्हॉल्व्ह आवळत जायचा. मी आवळत गेलो. जवळजवळ पूर्ण बंद झाला तेव्हा कुठे आवाज थांबला. आत जेमतेम बोटाच्या पेराएवढी फट उरली होती.

"एवढा मोठा पाइप लावून त्याचा गळाच आवळाचा होता तं छोटाच लावला असता," रामाजी हत्यारं पिशवीत भरता भरता म्हणाले. "त्या फटीत काही अडकलं म्हणजे?"

"पाण्यात अडकण्यासारखं काय आहे?"

रामाजींनी टाकीत नजर फिरवली. तिथे शेवाळ खाण्यासाठी आणलेल्या सहा गोगलगाई काचेवर चिकटलेल्या होत्या. पण ते काही बोलले नाहीत. मी आधीच म्हटलं, ते कमी बोलतात.

यानंतरचे दोन महिने माझ्या निवृत्त आयुष्यातले सर्वात सुखाचे होते. प्रवाळं रुजली. दोन केशरी-पांढरे मासे आले. कामिनीने त्यांची नावं गोलू आणि पिंकी ठेवली आणि त्यांच्याशी ती माझ्याशी कधी बोलली नाही अशा आवाजात बोलू लागली. पाण्याची वाफ होऊन संपातली पातळी कमी व्हायची, त्यावरही मी तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या शुद्ध पाण्याच्या नळीला एक फ्लोट व्हॉल्व्ह जोडला. संपातलं पाणी कमी झालं की तो आपोआप उघडतो आणि भरलं की आपोआप बंद होतो. माणसाची गरजच नाही. ही सोय मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत असे. भैय्याजींना दोनदा दाखवली. ते म्हणाले, "आपोआप हा शब्द लोक फार सैल वापरतात."

याच सुमारास भैय्याजींकडे धांदल सुरू झाली. त्यांची एकुलती एक मुलगी अस्मिता, बँकेत नोकरीला. तिचा साखरपुडा ठरला होता. मुलगा खाप्याचा, अमोल नावाचा, तिथेच त्याचं शेतीच्या पंपांचं दुकान. भैय्याजींनी कार्यालय घेतलं नाही. घरातच करायचं ठरवलं आणि त्यासाठी दिवाणखान्याला पांढरंशुभ्र, नक्षीचं, दिवे लावलेलं पीओपीचं खोटं छत करून घेतलं. ते छत माझ्या टाकीच्या बरोबर खाली होतं.

अस्मिता मात्र फारशी खुशीत नव्हती. आदल्या आठवड्यात ती गोलू-पिंकीला पाहायला वर आली आणि कामिनीजवळ बोलून गेली. "काकू, मुलगा चांगला हाय, सगळे म्हणतात. पण तो बोलतच नाही वं. दोन महिने फोनवर 'बरं आहे' आणि 'हो' याच्यापुढे गाडी नाही गेली. उद्या घरात आग लागली तरी म्हणन 'बरं आहे'. बाबांना सांगू का थांबवा म्हणून?"

कामिनीने तिला रविवारपर्यंत विचार कर असं सांगितलं. मी तिथेच प्रवाळांवर टॉर्च मारत बसलो होतो. माझं मत कोणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी अकराला आम्ही दोघं नटूनथटून खाली गेलो. कुलूप लावलं, किल्ली कामिनीच्या पर्समध्ये. पाहुणे आले. मुलाचे वडील दादाजी म्हणजे धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, संत्र्याचे बागायतदार. त्यांच्या शेजारी मला मानाची खुर्ची मिळाली. अमोल समोरच्या सोफ्यावर नव्या कुडत्यात हात मांडीवर ठेवून बसला होता. अस्मिता आत, बायकांच्या गराड्यात. भैय्याजींनी दादाजींना माझी ओळख करून दिली. "हे गोतमारे साहेब. पाटबंधारे खात्यात होते. जलतज्ज्ञ." मी मान जरा लववली.

दादाजी त्यांच्या विहिरीबद्दल सांगू लागले. ऐकता ऐकता माझी नजर सहज वर गेली. छताच्या मधल्या नक्षीच्या गोलाला पोट आलं होतं.

मला आधी वाटलं, रचनाच तशी असेल. हल्ली काहीही करतात. पण पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं तेव्हा पोट वाढलेलं होतं. त्याच्या मध्यावर एक थेंब तयार झाला, थोडा थांबला आणि दादाजींच्या मिशीवर पडला. दादाजींनी मिशी पुसली. जीभ ओठांवरून फिरवली.

"हे पाणी खारट काहून हाय?" त्यांनी विचारलं.

नागपुरात, भर मे महिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, छतातून खारट पाणी. त्या खोलीत याचा उलगडा करू शकणारा एकच जलतज्ज्ञ होता. तो उठला आणि "आलोच" असं म्हणून आतल्या खोलीकडे गेला.

आतल्या खोलीच्या दारात बायकांनी मला अडवलं. अस्मिताचा पदर लावणं चाललं होतं. मी बाहेरूनच हाक मारली, "कामिनी, किल्ली!"

"जेवण झाल्यावर जा," आतून आवाज आला.

"आत्ताच पाह्यजे."

"बीपीची गोळी माझ्याजवळ हाय. पाठवू का?"

"कामिनी," मी म्हणालो, "सांडवा."

 मग दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला, त्यात किल्ली होती. एकोणतीस वर्षांच्या संसारात इतक्या कमी शब्दांत आमचं कधी जमलं नव्हतं.

वर दार उघडलं तर चपला माझ्या स्वागताला तरंगत आल्या. काय घडलं होतं ते मला एका नजरेत कळलं, शिक्षण वाया गेलेलं नाही. मुख्य पाइपाच्या त्या फटीत काही तरी अडकलं होतं आणि तो बंद झाला होता. पाणी आपत्कालीन पाइपाकडे गेलं. तो बिचारा तीन वळणं घेत, हवा गिळत, जेमतेम एक तृतीयांश पाणी नेत होता. उरलेलं दोन तृतीयांश काचेच्या काठावरून संथपणे, अगदी नकाशात दाखवल्यासारखं, चारही बाजूंनी फरशीवर उतरत होतं. आणि संपातलं पाणी कमी होतंय म्हटल्यावर माझा फ्लोट व्हॉल्व्ह आपोआप उघडून शुद्ध पाणी भरत होता. गच्चीवरची टाकी आठ हजार लिटरची आहे. माणसाची गरजच नव्हती.

मी पंप बंद केला, नळी बंद केली. गोलू आणि पिंकी काचेजवळ येऊन माझ्याकडे पाहत होते. त्यांची नजर मी टाळली. फरशीवरचं पाणी जुन्या एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकातून खाली चाललं होतं. त्यात मी अंगातलं जाकीट कोंबलं आणि जिना उतरलो.

खाली आता सगळेच वर पाहत होते. छताचं पोट कलिंगडाएवढं झालं होतं आणि कडेने बारीक तडा जाऊ लागला होता.

"गोतमारे साहेब," भैय्याजी विचारते झाले, "हे काय आहे?"

"भैय्याजी, हे माझं पाणी आहे."

"तुमचं पाणी माह्या घरात काय करून राहिलं?" चौतीस वर्षांची छापील भाषा एका वाक्यात गळून पडली.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. ते सगळं छत एकदम खाली आलं असतं, दिव्यांसकट, आणि खाली दोन्हीकडची माणसं बसली होती. धरणावर असं झालं तर एकच करायचं असतं : दरवाजे उघडून पाणी हळूहळू सोडायचं. एकतीस वर्षांत हा निर्णय कधी माझ्यावर आला नव्हता, तो नेहमी वरून यायचा. आणि आता वरून यायचं होतं ते आलेलंच होतं.

"भैय्याजी, तुमच्या छताले भोक पाडावं लागते," मी म्हणालो.

त्यांनी एकदा छताकडे पाहिलं.  त्या छतासाठी कारागिराच्या मागे ते सहा आठवडे उभे होते, एकेक फूल मोजून घेतलं होतं. मला मनापासून लाज वाटली, आणि ती वाटायला मी अर्धं मिनिट घेतलं.

तेवढ्यात सोफ्यावरून तो मुलगा उठला. अमोल. "मेन स्विच कुठे आहे?" त्याने विचारलं. कोणी तरी बोट दाखवलं. त्याने दिवे बंद केले, सगळ्यांना भिंतीकडे सरकवलं, जेवणासाठी मांडलेला भाताचा मोठा रिकामा गंज, म्हणजे पातेलं, उचलून पोटाखाली ठेवला आणि बाह्या वर केल्या. "काका, तुम्ही भोक पाडा. मधोमध नका पाडू, कडेने पाडा. धार बारीक राहिली पाह्यजे." मग आतल्या खोलीकडे पाहून मोठ्याने, "अस्मिता! बादल्या आण! दोन!"

दार उघडलं. पदराला अर्ध्या पिना लावलेली अस्मिता दोन बादल्या घेऊन बाहेर आली.

मी खुर्चीवर चढलो. कोणी तरी स्वयंपाकघरातून आणून दिलेला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि छताला टोचला. पाण्याची सरळ, बारीक, स्वच्छ धार गंजात पडू लागली. सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतका अचूक विसर्ग मी पाहिला नव्हता. गंज भरला की अमोल तो सरकवत होता, अस्मिता बादली लावत होती. "दुसरी दे." "घे." "अगं भरली, भरली!" "मग उचल नं, पाहून काय राहिला!" "तू सरक आधी, साडी भिजन." "भिजू दे." पंधरा मिनिटं हे चाललं. भिंतीला लागून तीस माणसं हातात सरबताचे पेले घेऊन उभी होती.

पोट उतरलं. छत राहिलं. मधल्या नक्षीच्या कडेला रुपयाएवढं भोक आणि त्याच्याभोवती वऱ्हाडच्या नकाशासारखा पिवळा डाग.

दादाजी पुढे आले. डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "समुद्राचं पाणी म्हणता?"

"हो."

"वर समुद्र हाय?"

"होता," मी म्हणालो.

साखरपुडा साडेबाराला झाला. अंगठी घालताना मुलीच्या साडीचा काठ आणि मुलाचा कुडता, दोन्ही पिळून निघावे इतके ओले होते. अस्मिता हसत होती. भैय्याजी छताकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते, त्यामुळे फोटोत ते जमिनीकडे पाहताना आले आहेत. जेवणानंतर बायकांचा सगळा घोळका कामिनीबरोबर वर समुद्र पाहायला गेला. मी गेलो नाही. मी फरशा पुसत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या.

सोमवारी सकाळी सूचनाफलकावर तो मजकूर लागला. दुपारी रामाजी आले. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. आतल्या फटीत एक गोगलगाय बसलेली होती. बोटाने काढून त्यांनी ती टाकीत सोडली. ती काचेवरून निवांत चालू लागली.

रामाजी माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "साहेब, करवत कुठे ठेवली मी?"

भैय्याजीही येऊन खुर्चीवर बसले होते. मी त्यांना सांगितलं की छत मी पहिल्यासारखं करून देतो, त्यांच्याच कारागिराकडून. त्यांनी मान हलवली. ते रामाजींच्या हाताकडे पाहत होते.

"आता उलटं करायचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो जी," रामाजी म्हणाले. "छोटा रोजच्या कामाले. मोठा सरळ खाली, एकही वळण नाही. आणि व्हॉल्व्ह बिलकूल नाही त्याले."

"आणि हे असंच असतं? सर्वत्र?"

"पाण्यात तं असंच असते."

भैय्याजी थोडे पुढे झुकले आणि मला हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी अस्मिता दीड तास त्या मुलाशी फोनवर बोलत होती. आम्हाला जेवायला थांबावं लागलं." मग खिशातून लाल पेन काढून त्यांनी सोसायटीला द्यायचा माझा खुलासा-अर्ज तपासायला घेतला.

रामाजींना सगळं उलटं करायला चाळीस मिनिटं लागली. मग ते मला म्हणाले, "आता मुद्दाम मुख्य पाइप बंद करा." मी हाताने त्याचं तोंड दाबलं. पाणी बोटभर चढलं, मोठ्या पाइपाच्या तोंडात शिरलं आणि घळघळत खाली गेलं. सगळंच्या सगळं. काठावर एक थेंब आला नाही. मी हात काढला, पुन्हा दाबला, पुन्हा काढला. असं मी सात-आठ वेळा केलं. रामाजींनी करू दिलं.

गुरुवारी दादाजींचा खाप्याहून फोन आला. मला वाटलं, आता ते बोलणार. पण त्यांच्या घरच्या मंडळींना टाकी भारीच आवडली होती. लग्नाआधी त्यांच्या बैठकीत तशीच बसवायची होती, सहा फुटी. "मी म्हटलं, गोतमारे साहेब हायेत नं आपले. इंजिनिअर माणूस. किती इंची पाइप लागते, काय लागते, सगळं तुम्हीच ठरवून द्या."

पलंगावर बसून कामिनी माझ्याकडे पाहत होती. मी घसा साफ केला. प्रवाह, उंची, घर्षण, सगळं जिभेवर आलं होतं.

"दादाजी, तुम्हाले एक नंबर पाठवतो," मी म्हणालो. "त्यांले विचारा. ते सांगतील तेच करा."

फोन ठेवला आणि नंबर शोधला. माझ्या मोबाइलमध्ये तो 'प्लंबर बेसा' या नावाने होता. ते मी पुसलं, 'रामाजी साहेब' असं लिहिलं आणि मग पाठवला.